ताजेपणाची साखळी

तोडलेली भाजी मृत नसते. देठापासून वेगळी झाल्यावरही तिचे श्वसन सुरूच राहते; आतली साखर खर्ची पडते, उष्णता निर्माण होते, पाणी उडून जाते. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. सुपरमार्केटची साखळी चालवणाऱ्यांचा बहुतेक खटाटोप हा वेग मंदावण्यासाठी असतो. दुकानात ताजेपणा निर्माण करता येत नाही. शेतातून आला तेवढाच राखता येतो.

त्यामुळे खरे काम शेताजवळ सुरू होते. नाशिक परिसरातील निर्यातीची द्राक्षे काढणीनंतर काही तासांतच पूर्वशीतकरणाच्या खोलीत नेली जातात. तेथे पेट्यांच्या छिद्रांतून थंड हवा जोराने खेचून फळांतील उन्हाची धग काढतात आणि मगच ती शून्य अंशाच्या आसपास साठवतात. ही पायरी गाळून माल थेट शीतवाहनात भरण्यात फारसा अर्थ नाही. वाहनातील यंत्रणा गार माल गार ठेवण्यापुरतीच असते. तापलेला माल निववणे तिच्या आवाक्याबाहेरचे असते.

शिवाय एकच तापमान साऱ्यांना मानवत नाही. केळ्यांना १३ ते १४ अंश लागतात. त्याखाली साल काळवंडते. जळगावची केळी हिरवीच निघतात आणि पुढे बंदिस्त खोल्यांत इथिलीन वायूने पिकवली जातात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये या वायूच्या दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंतच्या वापरास मुभा दिली. कॅल्शियम कार्बाइडवरील बंदी मात्र कायम आहे. हाच इथिलीन पालेभाज्यांचा वैरी. पिकलेल्या फळांतूनही तो बाहेर पडत असल्याने त्यांच्या शेजारची कोथिंबीर लवकर पिवळी पडते. जाणते दुकानदार दोन्ही माल दूर ठेवतात.

दुकानातील उघड्या शीतकपाटांना दार नसते. वरून खाली वाहणारा थंड हवेचा पडदाच दाराचे काम करतो. कपाटात आखलेल्या रेषेपलीकडे दह्याचे डबे रचले की हा पडदा फाटतो आणि पुढचे डबे नकळत कोमट होतात. फळीवर माल लावताना ज्याची मुदत आधी संपते तो पुढे, नवा मागे, असा शिरस्ता असतो. चतुर ग्राहक मागे हात घालतो, हा भाग वेगळा!

वेष्टनावरील तारखेचा अर्थही नीट ध्यानात घ्यायला हवा. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही चव आणि दर्जाची हमी, तर ‘या तारखेपर्यंतच वापरा’ हा सुरक्षिततेचा इशारा. पण दोन्ही तारखा सांगितलेले तापमान पाळले गेले असे गृहीत धरूनच छापलेल्या असतात. पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवले तरी काही जिवाणू उरतातच. गोदामाच्या धक्क्यावर पिशव्या तासभर उन्हात राहिल्या किंवा रात्री वीजबचतीसाठी शीतपेटी बंद केली गेली, तर छापील तारीख ते सांगत नाही.

गोठवलेल्या मालात मात्र ही चूक सहसा उघडी पडते. उणे १८ अंशांवर अखंड राहिलेले मटार पिशवीत सुटे खुळखुळतात. त्यांचा एकच गोळा झाला असेल, तर वाटेत कुठेतरी ते वितळून पुन्हा गोठले असण्याची शक्यता दाट असते. अशी पिशवी परत ठेवावी आणि दुकानदाराच्या नजरेसही आणून द्यावी.