प्रयोगशाळेचीही परीक्षा असते : बुळकांडीच्या उच्चाटनाने शिकवलेला धडा

"डॉक्टर, हा रिपोर्ट बरोबरच असेल ना?" हा प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो. प्रश्न योग्यच आहे. त्याचे उत्तर समजावून सांगण्यासाठी आज मी तुम्हाला माणसांच्या नव्हे, तर गुरांच्या एका आजाराचा इतिहास सांगणार आहे. रिपोर्ट चुकला तर काय होते आणि तो चुकू नये म्हणून काय करावे लागते, हे या इतिहासाइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसते.

बुळकांडी म्हणजे काय?

गावाकडच्या वयस्कर मंडळींना हे नाव आठवत असेल. इंग्रजीत याला रिंडरपेस्ट म्हणतात. आपल्या गोवराच्या विषाणूचा हा जवळचा नातेवाईक. जनावराला जोराचा ताप यायचा, तोंडात व्रण पडायचे, मग भयंकर हगवण लागायची आणि बरीच जनावरे आठ-दहा दिवसांत दगावायची. ज्या कळपात हा रोग पूर्वी कधी आला नव्हता, तिथे दहापैकी नऊ जनावरेही मरत. बैल गेला की नांगर थांबे आणि घरात उपासमार येई.

भारतात या रोगावर संशोधन करण्यासाठी 1889 मध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली, तीही आपल्या पुण्यात. काही वर्षांतच ती हिमालयातील मुक्तेश्वरला हलवण्यात आली, कारण इतका संसर्गजन्य रोग वस्तीपासून दूर ठेवणेच शहाणपणाचे होते. पुढे 1920 मध्ये भारतातून ब्राझीलकडे निघालेली गुरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरात थांबली आणि तिथे बुळकांडी पसरली. या धक्क्यातून 1924 मध्ये पशुरोगांसाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना.

लस होती, तरी अडचण होती

वॉल्टर प्लॉराइट यांनी 1960 च्या सुमारास केनियात उत्तम लस तयार केली. एकदा टोचली की जनावराला दीर्घकाळ संरक्षण मिळे. भारतातही राष्ट्रीय पातळीवर मोठी मोहीम झाली आणि 1995 नंतर देशात बुळकांडीची साथ आढळली नाही.

मग खरा प्रश्न उभा राहिला. रोग दिसत नाही, म्हणजे तो नाही असे म्हणता येईल का?

त्यासाठी हजारो जनावरांच्या रक्तजलात प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, तपासाव्या लागणार होत्या. पण लस दिलेल्या आणि रोग होऊन वाचलेल्या जनावरांच्या प्रतिपिंडांत ही चाचणी फरक करू शकत नव्हती. म्हणून लसीकरण थांबवून, त्यानंतर जन्मलेली जनावरे तपासायची असे ठरले. त्यांच्यात प्रतिपिंडे सापडली तर विषाणू अजून फिरतो आहे असा अर्थ.

यातली जोखीम लक्षात घ्या. लस बंद केल्यामुळे कोवळी जनावरे संरक्षणाशिवाय होती. विषाणू कुठे लपला आहे का, हे सांगणारा पहारेकरी एकच होता, तो म्हणजे प्रयोगशाळेचा रिपोर्ट.

दोन प्रकारच्या चुका

प्रयोगशाळेची चूक दोन तऱ्हांनी होते. रोग असूनही 'नाही' सांगणे ही पहिली. इथे त्याचा अर्थ, लस न टोचलेल्या कळपांमध्ये रोग गुपचूप पसरणे. रोग नसताना 'आहे' सांगणे ही दुसरी. ती किरकोळ वाटते, पण हिशेब करून पाहा. समजा, एखादी चाचणी निरोगी जनावरांपैकी 99 टक्क्यांना बरोबर 'निरोगी' ठरवते. रोगमुक्त प्रदेशातील 10,000 जनावरे तपासली, तर एकही आजारी नसताना 100 पॉझिटिव्ह निघतील. प्रत्येक ठिकाणी धावपळ, घबराट आणि गुरांच्या व्यापारावर बंदी!

म्हणून पॉझिटिव्ह नमुना दुसऱ्या, वेगळ्या तत्त्वावरच्या चाचणीने पडताळला जाई. शिवाय शेळ्या-मेंढ्यांना होणाऱ्या पीपीआर या रोगाचा विषाणू बुळकांडीचा इतका सख्खा, की जुन्या चाचण्यांना दोघांतला फरक कळत नसे. इंग्लंडमधील पिरब्राइट येथे विकसित झालेल्या नव्या एलायझा चाचणीने हा गोंधळ बराच दूर केला.

प्रयोगशाळांची परीक्षा

चाचणी चांगली असली तरी ती करणारे हात, यंत्रे, पाणी, तापमान हे सगळे प्रत्येक ठिकाणी वेगळे. फ्रीजची वीज गेली तरी निकाल बदलू शकतो. यासाठी संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांनी मिळून आफ्रिका व आशियातील प्रयोगशाळांना एकसारखे किट पुरवले. अणुऊर्जा संस्था गुरांच्या कामात कशी, असे तुम्हाला वाटेल. रक्तातले सूक्ष्म घटक किरणोत्सारी पदार्थांच्या साहाय्याने मोजण्याच्या तंत्रापासून तिचे हे काम वाढत गेले होते.

पडताळणी दोन पातळ्यांवर होई. पहिली, रोजची. चाचणीच्या प्रत्येक प्लेटवर ज्यांचे उत्तर आधीच माहीत आहे असे नमुनेही ठेवायचे. त्यांचे आकडे ठरलेल्या मर्यादेत आले नाहीत, तर ती पूर्ण प्लेट रद्द.

दुसरी, बाहेरची. मध्यवर्ती प्रयोगशाळा फक्त क्रमांक घातलेल्या बाटल्या पाठवते. काही स्पष्ट पॉझिटिव्ह, काही निगेटिव्ह, आणि काही मुद्दाम काठावरचे, कारण खरी कसोटी तिथेच लागते. उत्तरे मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे जातात आणि सगळ्यांची तुलना होते. ज्याचे चुकले त्याला शिक्षा करणे हा हेतू नसतो. किट खराब झाले, पिपेट चुकीचे मोजते की प्रशिक्षण कमी पडले, हे शोधून दुरुस्त करणे हा असतो.

या शिस्तीवर उभ्या राहिलेल्या पुराव्यामुळे भारत 2006 मध्ये बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त घोषित झाला आणि 2011 मध्ये सारे जग. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग.

तुमच्या रिपोर्टशी याचा संबंध

माणसांच्या प्रयोगशाळांनाही हाच नियम लागू आहे. अमेरिकेत बेल्क आणि संडरमन यांनी पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांना एकसारखे नमुने पाठवून तपासणी केली. 1947 मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष चिंताजनक होते. साध्या तपासण्यांचीही कितीतरी उत्तरे चुकली होती. आज भारतात वेल्लोरच्या सीएमसीसारख्या संस्था अशा बाह्य गुणवत्ता चाचण्या चालवतात आणि 'एनएबीएल' ही संस्था प्रयोगशाळांना मान्यता देते.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

• "तुमची लॅब बाह्य गुणवत्ता तपासणीत भाग घेते का?" असे विचारायला संकोच करू नका. चांगल्या लॅबला हा प्रश्न आवडतो.

• एनएबीएलची मान्यता लॅबच्या सरसकट सगळ्या तपासण्यांना नसते. तुमची तपासणी त्या यादीत आहे का, हे पाहा.

• लक्षणे काहीच नसताना अनपेक्षित पॉझिटिव्ह आले तर घाबरून जाऊ नका. खात्रीची दुसरी तपासणी करून घ्या.

• लक्षणे ठळक असताना रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर निश्चिंत होऊन औषधे बंद करू नका. डॉक्टरांना पुन्हा भेटा.

• घरी गुरे असतील तर लम्पी किंवा लाळ्या-खुरकुताच्या संशयात नमुना स्वतः काढू नका. पशुवैद्यकालाच काढू द्या. नमुना चुकीचा घेतला किंवा उन्हात राहिला, तर उत्तम प्रयोगशाळाही काही करू शकत नाही.

रिपोर्टवर विश्वास जरूर ठेवा. फक्त तो देणाऱ्या प्रयोगशाळेची परीक्षा कोणी घेते का, हेही एकदा विचारून घ्या.