एका नुक्त्याची गोष्ट

आमच्या घरात एक जुनी वही आहे. तिच्या शेवटच्या पानावर घराण्यातल्या माणसांची नावं उर्दूत, बोरूने लिहिलेली आहेत. त्यातल्या पहिल्याच नावावरून घरात वाद होता. चुलते म्हणायचे, ते 'अजीज' आहे. दादी म्हणायची, 'उजैर'. दादीला उर्दू वाचता येत नव्हतं. तिने हे नाव सासूच्या तोंडून ऐकलं होतं. म्हणून तिचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही. मीही नाही, आणि मी तर उर्दूचा शिक्षक!

उर्दू न वाचणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगतो. ही दोन्ही नावं ऐन, जे, ये अशी सुरू होतात. शेवटी 'रे' आलं की उजैर आणि 'जे' आलं की अजीज. 'रे' आणि 'जे' यांत फरक फक्त वरच्या एका नुक्त्याचा. फोनने काढलेल्या फोटोत शेवटच्या अक्षरावर काळा ठिपका स्पष्ट दिसत होता. तेव्हा वाद मिटला असंच आम्ही धरून चाललो.

गेल्या वर्षी मी एक वापरलेली मॅक्रो लेन्स घेतली, तीही वर्गासाठी. मुंगीचे पाय, मिठाचे दाणे, चिंचेच्या पानाच्या शिरा मुलांना पडद्यावर मोठ्या करून दाखवायच्या होत्या. साध्या लेन्सला वस्तूच्या फार जवळ नेलं की चित्र धूसर होतं. मॅक्रो लेन्स जवळूनही नीट फोकस करते. खऱ्या मॅक्रोचं प्रमाण एकास एक धरतात, म्हणजे एक सेंटीमीटरची वस्तू कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही एक सेंटीमीटरचीच उमटते.

ही लेन्स हातात आली आणि शिक्षकाच्या सवयीने तिचा इतिहास शोधू लागलो. मसुरीला अरबीत 'अदस' म्हणतात आणि भिंगाला 'अदसा'. लॅटिनमध्येही 'लेन्स' म्हणजे मसूरच. दोन्ही बाजूंनी फुगीर काचेला दोन्ही भाषांनी स्वयंपाकघरातलंच नाव दिलं.

आपल्याकडे व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो, की इब्न अल-हैसमने कॅमेरा शोधला आणि 'कॅमेरा' हा शब्दही अरबी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. 'कॅमेरा' हा खोली या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. इब्न अल-हैसमचा जन्म साधारण 965 चा, बसऱ्याचा. कैरोमध्ये असताना, साधारण 1011 ते 1021 या काळात, त्याने 'किताब अल-मनाजिर' हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसतं, हे जुनं मत त्याने खोडून काढलं. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे त्याने प्रयोग करून आणि गणित मांडून सांगितलं. शेवटच्या भागात प्रकाश वाकण्याचा अभ्यास आहे. गोलाकार पृष्ठभागातून पाहिलेली वस्तू मोठी का दिसते, याचाही विचार त्यात येतो. पुढे हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि 1572 मध्ये युरोपात छापला गेला. चष्मा मात्र इटलीत, तेराव्या शतकाच्या अखेरीस तयार झाला. खरा इतिहास एवढा मोठा असताना खोट्याची जोड कशाला द्यायची?

मॅक्रो लेन्सच्या इतिहासात मला सर्वांत आपली वाटलेली गोष्ट जपानची आहे. 1955 मध्ये जर्मनीच्या हाइन्झ किलफिटची 'मॅक्रो-किलार' आली. पुढच्याच वर्षी निकॉनने 'मायक्रो-निक्कोर' काढली. ती फुलांसाठी किंवा किड्यांसाठी काढलेली नव्हती. पुस्तकं आणि कागदपत्रं मायक्रोफिल्मवर उतरवायची होती आणि जपानी अक्षरांमधल्या दाट रेघा साध्या लेन्समधून एकमेकींत मिसळून जात. रोमन लिपीला जे पुरत होतं, ते त्यांच्या लिपीला पुरेना. म्हणून त्यांनी आपल्या अक्षरांना पुरेल अशी लेन्स घडवली. हे वाचलं आणि मला आपले नुक्ते आठवले. वही पुन्हा बाहेर काढली.

पान खिडकीजवळ ठेवलं, उजेड एका बाजूने तिरपा येईल असं. इतक्या जवळून फोटो काढताना कागदाचा थोडासा उंचसखलपणाही फोकसबाहेर जातो. म्हणून कॅमेरा तिपाईवर बसवला, छिद्र लहान केलं आणि हात लागून हलू नये म्हणून टायमर लावला.

फोटो मोठा केला. बोरूचा नुक्ता चौकोनी, तिरक्या वड्यासारखा उमटतो. त्याच नावातल्या दुसऱ्या अक्षरावरचा नुक्ता तसाच होता. शेवटचा ठिपका मात्र गोल, लहान आणि कडेला कागदाचे तंतू निघालेले. पानाखाली पांढरा कागद सरकवला. ठिपका पांढरा झाला! ते कसरीने पाडलेलं भोक होतं आणि त्यातून मागचा काळा पुठ्ठा दिसत होता.

शिक्षकाचं मन लगेच मानत नाही. किड्याने मूळचा नुक्ताच खाल्ला असेल तर? पण बोरूचा नुक्ता त्या भोकापेक्षा मोठा असता. कडेला शाईचा अंश तरी उरला असता. तिथे शाई अजिबात नव्हती. नाव उजैरच होतं.

दादीला जाऊन तीन वर्षं झाली. शेवटच्या आजारपणातही ती एकदा म्हणाली होती, "उजैर होतं रे बाबा." मी हसून विषय बदलला होता. लिहिलेलं तेच खरं, असं मी मानत आलो आणि लिहिलेलं नीट पाहिलंच नाही. निरक्षर बाईच्या कानाने जे जपलं, ते माझ्या पदवीला दिसलं नाही.

चुलत्यांना फोटो दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "नवी वही घे. नीट लिहून काढ."

नव्या वहीत पहिलं नाव 'उजैर' लिहिलं. मग दादीचं नाव लिहिलं. जुन्या पानावर एकाही बाईचं नाव नव्हतं. मी भिंगातून पान दोनदा तपासलं.