माथेरानच्या मिनी ट्रेनखालची खडी, आणि ती वाहणाऱ्या वॅगनची गोष्ट

कर्जत : नेरळ-माथेरान मिनी ट्रेनचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतात. इंजिन दिसतं, डबे दिसतात, वळण दिसतं. रुळाखालची खडी मात्र कोणी बघत नाही. खरं तर दर पावसाळ्यानंतर ही गाडी चालू होणार की नाही हे इंजिनापेक्षा त्या खडीवर जास्त ठरतं. म्हणून आज खडी आणि ती वाहणाऱ्या वॅगनविषयी.

आधी रेल्वेची थोडक्यात माहिती. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या मेहनतीतून हा मार्ग झाला. काम १९०१ च्या सुमारास हाती घेतलं, गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. खर्च तेव्हाचा १६ लाख रुपये. मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा. नेरळहून निघाल्यावर जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज आणि मग माथेरान. दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. आपल्या रोहा-पनवेलच्या मोठ्या लाईनचं हेच अंतर १६७६ मिलिमीटर आहे. चढ काही ठिकाणी वीस फुटाला एक फूट. एवढ्या चढावर आणि एवढ्या वळणावर गाडीचा सगळा जोर रूळ बाजूला सारायला बघतो. त्याला धरून ठेवते ती खडी.

खडी म्हणजे नुसती भर नव्हे. गाडीचं वजन रुळावरून स्लीपरवर येतं (जुनी माणसं सलीपाट म्हणतात), स्लीपरवरून खडीवर आणि खडीतून पसरून जमिनीवर. खडी नसेल तर स्लीपर शेतातल्या ओल्या बांधावर बैल रुतावा तसा रुततो. दुसरं काम पाणी काढून देण्याचं. खडीत माती भरली की पाणी तुंबतं, खाली चिखल होतो आणि गाडी गेली की तोच चिखल वर उसळतो. म्हणून रेल्वेची खडी ठराविक मापाची लागते : साधारण ६५ मिलिमीटरच्या आतली आणि २० मिलिमीटरच्या खालचा चुरा जवळजवळ नसलेली. दगड काळा पाषाण, फोडलेला, धारदार कोपऱ्यांचा. नदीतला गुळगुळीत गोटा चालत नाही, कारण गोटे एकमेकांत अडकत नाहीत. आपल्याकडे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनला घरांना जांभा वापरतात. तो भिंतीला उत्तम, पण रुळाखाली घातला तर थोड्याच दिवसांत त्याची लाल माती. माथेरानच्या डोक्यावरही जांभाच आहे, काळा पाषाण त्याच्या खाली.

आता ही खडी न्यायची कशी? कोकण रेल्वेवर रोहा, कोलाड, माणगाव भागात खडीची गाडी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. त्या वॅगन वरून उघड्या, खालून निमुळत्या. आपल्या चक्कीत धान्य ओततो त्या चाडीसारख्या. त्यांना हॉपर म्हणतात. खालचे दरवाजे उघडले की गाडी माणसाच्या चालीने पुढे जात राहते आणि खडी आपोआप रुळालगत पडते. पण ही वॅगन नेरळच्या डोंगरावर जाऊच शकत नाही. तिचं चाकच दोन फुटाच्या रुळावर बसत नाही. छोट्या लाईनवर छोट्या, उघड्या, बाजू खाली पडणाऱ्या वॅगनच कामाच्या. चार माणसं फावड्याने खडी खाली ओढतात, मग गँगमन ती स्लीपरखाली ठोकून बसवतो. हळू काम आहे. पण जिथे ट्रक पोचत नाही तिथे खडी, रूळ, स्लीपर सगळं रुळावरूनच न्यावं लागतं. म्हणजे मोडलेल्या रुळापर्यंत पोचायला आधी चांगला रूळ हवा. दुरुस्ती एका टोकाकडून पुढे पुढे सरकते ती यामुळे.

परदेशात, विशेषतः इंग्लंडात, बंद पडलेल्या लाईन लोकांनी वर्गणी आणि श्रमदानातून चालू ठेवल्या. वेल्समधली टॅलिलिन ही १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली पहिली रेल्वे. अशा लाईनवर जुनी इंजिनं बघायला गर्दी होते, पण रविवारी गाडी चालावी म्हणून आडवारी काम करतात त्या खडीच्या जुन्या वॅगन. मोठ्या रेल्वेने निवृत्त केल्या, या लोकांनी घेतल्या. नुसत्या रंगवून ठेवल्या नाहीत, कामाला लावल्या. नवी वॅगन छोट्या संस्थेला परवडत नाही, हे साधं कारण.

आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट. ब्रिटिश रेल्वेने या वॅगनना नावं दिली ती माशांची! तारेने निरोप पाठवताना लांब वर्णन नको, चूक नको, म्हणून एका शब्दाचा संकेत. खडीच्या एका हॉपरचं नाव मॅकरेल, म्हणजे आपला बांगडा. २४ टनी हॉपर तो डॉगफिश, आपल्या मुशीच्या जातीतला. सर्वात मोठ्यांपैकी एक व्हेल, देवमासा. डॉगफिशच्या टोकाला छोटा ओटा असतो. तिथे उभं राहून माणूस चाकं फिरवतो, तसे मधले किंवा बाजूचे दरवाजे उघडतात आणि खडी हवी तिथेच पडते. शेवटी जोडलेला ब्रेकचा डबा म्हणजे शार्क. त्याच्या पोटाखाली नांगरासारखे फाळ. ते खाली सोडले की पडलेल्या खडीचे ढीग सपाट होत जातात. पेरणीनंतर आपण फळी फिरवतो, तेच. हे डॉगफिश आणि शार्क आजही तिकडच्या अनेक वारसा रेल्वेंवर राबताना दिसतात.

आपल्याकडे ही आठवण ठेवायचं कारण पाऊस. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच पावसात माथेरानची लाईनही उखडली. ती २००७ मध्ये, शंभरी भरताना, पुन्हा सुरू झाली. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरले म्हणून गाडी बंद, पूर्ण मार्ग २०१८ च्या सुरुवातीला चालू. २०१९ च्या पावसाने परत खडी, माती आणि रूळ वाहून नेले. नेरळहून थेट गाडी सुटली ती २२ ऑक्टोबर २०२२ ला. म्हणजे तीन वर्षं. त्या तीन वर्षांत नेरळ स्टेशनबाहेर वडापाव विकणाऱ्याचा, टॅक्सीवाल्याचा, लॉजवाल्याचा हिशेब काय झाला असेल तो ज्याचा त्याला माहीत. (मधे कोरोनाही आला, तो वेगळा मार.)

या वेळच्या दुरुस्तीत दगड भरलेल्या जाळ्यांच्या भिंती, म्हणजे गॅबियन, उभ्या केल्या. माझ्या मते हे शहाणपणाचं काम. खारभूमीत बांध घालणारा कोणीही सांगेल की पाणी अडवायचं नसतं, त्याला वाट ठेवून माती धरायची असते. सिमेंटची सलग भिंत मागे पाणी साठलं की ढासळते, जाळीतून पाणी निघून जातं. खडीचंही तेच तत्त्व. पण भिंत बांधली म्हणून दरवर्षीची खडी टाळता येत नाही. पहिल्या पावसात काही वाहणार, काही मातीत बसणार, पावसाळा संपला की परत टाकावी लागणार.

दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या तीन डोंगरी रेल्वे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरान अजून संभाव्य यादीत. तिथे वर जायचं असेल तर इंजिन-डब्यांबरोबर कामाच्या जुन्या वॅगनही जपायला हव्यात, असं या बातमीदाराला वाटतं. त्या भंगारात सहज जातात, कारण त्यात बसून कोणी सेल्फी काढत नाही.

जाणाऱ्यांसाठी : पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून, नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते आणि पावसानंतर रूळ तपासून ती सुरू होते. अमन लॉज ते माथेरान शटल पावसातही चालते, तरी निघण्याआधी रेल्वेकडून खात्री करून घ्या. रुळावरून चालणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि पोरांना रुळावरची खडी उचलू देऊ नका.