माशांचा घांस आणि त्याचा हिशेब



माशांना घांस घालणें हें आपल्याकडे पुण्यकर्म मानलें जातें. घाटाच्या पायरीवरून कणकेच्या गोळ्या पाण्यांत टाकल्या, कीं आपलें काम झालें. परंतु ज्याला मासे वाढवावयाचे आहेत, त्याला त्या गोळीचें पुढें काय झालें हेंही पाहावें लागतें.

आज कर्नाटकांत असलेल्या कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल इ. स. ११२६ ते ११३८) याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरण आहे. कोणत्या माशास तिळाच्या पिठाच्या गोळ्या चाराव्या व कोणास मांस, हें तेथें सांगितलें आहे. हेतु मात्र राजाच्या गळाला मासा लागावा एवढाच.

पुढें बंगाल-ओडिशाकडील तळ्यांतलें मासेपालन शतकानुशतकें नदींतून धरून आणलेल्या बीजावर चाललें. इ. स. १९५७ सालीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ओडिशांत माशांच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोंचून कार्प माशांची वीण घडवून आणली. बीजाची अडचण सरूं लागली. प्रश्न उरला तो चारण्याचा.

भाताचा कोंडा व पेंड मिसळून तळ्यांत फेकावी, अशी जुनी रीत. त्यांतील बरेंच खाद्य तळाशीं जाऊन कुजे. कुजण्यांत पाण्यांतील प्राणवायु खर्च होतो, आणि पहाटे तो आधींच कमी असतो. मग मासे तोंड वर काढून तडफडूं लागतात. खाद्य पुष्कळ घालूनही वाढ खुंटते आणि पैसा चिखलांत जातो.

आंध्रांतील कोल्लेरू सरोवराच्या परिसरांत यावर एक साधी युक्ति रूढ झाली. पिशवीच्या बुडाशीं भोकें पाडून तींत खाद्य भरावयाचें व ती बांबूला बांधून पाण्यांत सोडावयाची. रोहू, कटला भोकांशीं येऊन हवें तेवढेंच ओढून घेतात. कांहीं तासांनीं पिशवी रिकामी आढळली, तर दुसऱ्या दिवशीं माप थोडें वाढवावें. खाद्य उरलें असेल, तर कमी करावें. थंडीनें माशांची भूक मंदावते, तेंही पिशवीवरून कळतें.

मत्स्यशेतींत सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच असतो. म्हणून ही युक्ति गरीब शेतकऱ्यास मोलाची. सोमेश्वराच्या ग्रंथानें माशाची आवड नोंदविली. कोल्लेरूच्या शेतकऱ्यांनीं त्याची भूक मोजली.