वेंगुर्ले
वेंगुर्ले : महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बंदर व तालुक्याचे ठिकाण. गोव्याच्या सीमेच्या उत्तरेस अरबी समुद्राकाठी वसले आहे. 1981 पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यात होते. पर्यटक येथे पुळणीसाठी येतात, परंतु गाव समजून घ्यायचे तर बंदरापासून सुरुवात करावी.

गोव्यातील पोर्तुगीजांची नाकेबंदी करताना गलबतांना पाणी व शिधा मिळावा, म्हणून डचांनी 1637 च्या सुमारास येथे ठाणे केले. त्यांच्या वखारीचे दगडी अवशेष अजून उभे आहेत. झाडांची मुळे भिंतींत शिरली आहेत. डचांच्या कोकणातील वावराची इतकी ठळक खूण क्वचितच आढळते, तिची देखभाल अधिक आस्थेने व्हायला हवी. 1675 मध्ये मोगलांनी हे बंदर जाळले. पुढे सावंतवाडीकर सावंतांच्या ताब्यातून ते 1812 मध्ये इंग्रजांकडे गेले.

एकोणिसाव्या शतकात आंबोली घाटातून गाडीरस्ता झाला आणि बेळगावकडचा माल वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर उतरू लागला. बाजारपेठ, कौलारू माड्या, क्रॉफर्ड मार्केट या नावाची मंडई आणि टेकडीवरचे दीपगृह त्या भरभराटीची साक्ष देतात. नगरपालिका 1876 मध्ये स्थापन झाली. मात्र 1888 मध्ये मार्मागोवा रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि देशावरचा व्यापार तिकडे वळला. पुढे कोकण रेल्वेही कुडाळ-सावंतवाडीकडून गेली. जुनी पेठ बऱ्याच अंशी टिकली, यामागे हेही एक कारण असावे.

अमेरिकन मिशनचे डॉक्टर रॉबर्ट गोहीन यांनी येथे रुग्णसेवा केली. त्यांचे पुत्र रॉबर्ट एफ. गोहीन 1919 मध्ये वेंगुर्ल्यात जन्मले. ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि नंतर अमेरिकेचे भारतातील राजदूत झाले. कवी मंगेश पाडगावकर यांचा जन्मही (1929) येथलाच. तालुक्यातील शिरोड्यास कादंबरीकार वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिक्षक होते, आणि तेथील मिठागरांवर 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. शेजारचे आरवली हे लेखक जयवंत दळवींचे गाव. तेथील वेतोबा या देवाला भाविक चामडी वहाणा व केळी वाहतात.

बंदर मागे पडले तरी गावाचे नाव बागायतदारांच्या तोंडी राहिले, ते 1957 मध्ये सुरू झालेल्या फळ संशोधन केंद्रामुळे. हापूसला साक्याची, म्हणजे गर आतून खराब होण्याची, खोड असते. नीलम व हापूस यांच्या संकरातून येथे तयार केलेल्या 'रत्ना' आंब्यात ती नाही. रत्ना व हापूस यांच्या संकरातून पातळ कोयीचा 'सिंधू' निघाला. 'वेंगुर्ले' या नावाला क्रमांक जोडून प्रसारित केलेल्या काजूच्या जाती कोकणभर लावल्या जातात. येथील कामाचा उपयोग बागेतल्या शेतकऱ्याला थेट होतो, म्हणून या केंद्राची माहिती प्रवाशाने आवर्जून घ्यावी.

सातेरी ही ग्रामदेवता. उभादांड्याकडील सागरेश्वर व दक्षिणेची मोचेमाड या पुळणी रुंद व तुलनेने शांत आहेत. वायव्येस निवतीसमोरच्या समुद्रात खडकाळ बेटे असून तेथील गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी करतात. ही घरटी चोरून विकली गेल्याने पक्ष्यांच्या वसाहतीला धोका पोहोचला होता. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे बेटांकडे होड्या जात नाहीत. गाव पाहण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा, आंबा-काजूसाठी एप्रिल-मे.