खुर्च्या दोन, बंदूक एक

5 ऑक्टोबर 1962. सीरियाच्या हसाका प्रांतात सरकारनं एका दिवसात शिरगणती उरकली. 1945 च्या आधीपासून इथं राहतो, असा कागद दाखवा म्हणाले. शेतात राबणाऱ्याकडं कसला आलाय कागद? त्या एका दिवसात सुमारे 1 लाख 20 हजार कुर्द माणसं आपल्याच उंबऱ्यात परकी झाली. एका आईची दोन पोरं, एक नागरिक नि दुसरा विदेशी, असंही घडलं. लष्कराचा माजी सेनाप्रमुख तौफिक निजामुद्दीन, त्याचंही नागरिकत्व गेलं. मग साध्या कुळाची काय कथा!

नोंदीत ज्यांच्यापुढं 'अजानिब' म्हणजे परके असं लिहिलं, त्यांच्या नावावर जमीन नाही, मत नाही, सरकारी नोकरी नाही. ज्यांची नोंदच नाही ते 'मक्तूमीन'. ते तर सरकारदरबारी जन्मालाच आले नव्हते. बापाचं परकेपण पोराला आलं. पन्नास वर्षांत ही माणसं तीन लाखांच्या घरात गेली. एप्रिल 2011 मध्ये देशात बंड पेटलं तेव्हा असदला एकाएकी आठवलं की हे आपलेच आहेत. अजानिबांना नागरिकत्व जाहीर झालं. मक्तूमीन तसेच लोंबकळत राहिले.

दोस्तहो, मी कुर्दांची गोष्ट बंदुकीपासून सुरू करत नाही ती याचसाठी. पेपरवाल्यांनी आपल्याला बंदूक घेतलेल्या पोरींचे फोटो भरपूर दाखवले. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की ज्यांना राज्यानं वहीतून खोडलं, त्यांनी स्वतःची वही उघडली, आणि तीही ऐन लढाईत.

19 जुलै 2012 ला कोबानीत कुर्द फौजेनं ताबा घेतला. असदचं सैन्य उत्तरेतून बरंचसं माघारी गेलं होतं, त्याला दमास्कस आणि अलेप्पो सांभाळायचं होतं. मागं राहिल्या बंद कचेऱ्या, रिकाम्या गोदामांची भीती आणि भाकरीचा प्रश्न. अशा वेळी गल्लीनं काय करायचं? इथं आधीची तयारी कामाला आली. नव्वदच्या दशकापासून तिथं चोरून तंटा-समित्या चालत. सरकारच्या कोर्टात आपलं कोण ऐकतंय, म्हणून माणसं आपसातली भांडणं आपसात मिटवत. 2011 मध्ये कामिश्लीत पहिलं 'माला जिन', म्हणजे बायांचं घर, उघडलं होतं. या पायावर कम्यून उभे राहिले.

विचार कुठून आला तेही सांगतो. अब्दुल्ला ओजलान हा तुर्कस्तानातल्या कुर्द बंडाचा नेता. 1999 मध्ये पकडला गेला नि इमराली बेटावरच्या तुरुंगात पडला. तिथं त्यानं मरे बुकचिन वाचला. बुकचिन अमेरिकेतला, तरुणपणी ओतशाळेत राबलेला माणूस. ओजलाननं आधी स्वतंत्र कुर्द राज्याची मागणी केली होती. आता तो म्हणू लागला की नवं राज्य म्हणजे नवा जमादार. त्यापेक्षा खालून वर परिषदा बांधा. 2005 मध्ये हा विचार त्यानं जाहीर केला.

कम्यून म्हणजे काय? गल्लीतली किंवा खेड्यातली तीस-चाळीस घरं, शहरात शे-दोनशे किंवा जास्तही. त्यांची बैठक. बैठकीतून समित्या, कुणी तंटा मिटवायला, कुणी राखणीला, कुणी शाळेला. हिवाळ्यातलं डिझेल, गॅस, भाकरी यांचं वाटप कम्यूनच्या यादीवरून. कम्यूनच्या वर मोहल्ला, मग तालुका, मग कॅन्टन. जानेवारी 2014 मध्ये जझीरा, कोबानी आणि आफ्रीन या तीन कॅन्टनांनी आपला कारभार जाहीर केला. त्याच महिन्यात स्वित्झर्लंडात सीरियाच्या भवितव्यावर बडी परिषद भरली होती. तिथं यांच्या कारभाराला बोलावणंच नव्हतं.

आता मुद्द्याचं. गावाच्या हाती कारभार म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो. गाव म्हणजे कोण, हे आपल्याला शिकवायला नको. पाटलाच्या ओट्यावरची पंचायतही स्वतःला गावच म्हणवते. कुर्दांच्या खेड्यातही आगा होता, टोळीचा म्होरक्या होता, चुलतभावाशी लग्न ठरवणारे म्हातारे होते. नुसती बैठक बोलावली असती तर हेच लोक पुढं बसले असते.

म्हणून तिथं खुर्चीच फोडली. प्रत्येक पदावर दोघं, एक बाई आणि एक पुरुष. परिषदेत बायाही आणि पुरुषही, कुणीच चाळीस टक्क्यांखाली नाही. शिवाय बायांची वेगळी परिषद. नवऱ्याची मारझोड, जबरीचं लग्न, हे विषय पुरुषांच्या समितीपुढं जाणारच नाहीत, बायांची समिती बघेल. नोव्हेंबर 2014 मध्ये जझीरा कॅन्टननं कायदा केला. दुसरी बायको बंद, अठराच्या आत लग्न बंद, वारसा सारखा, साक्ष सारखी. तारीख नीट बघा. तेव्हा कोबानी वेढ्यात होतं, 'इस्लामिक स्टेट' गल्लीगल्लीत घुसलेलं होतं. वेढा 26 जानेवारी 2015 च्या सुमाराला फुटला. आधी लढाई, बायांचं मागून बघू, असं सांगणाऱ्यांना हे उत्तर आहे.

पण मी आरती ओवाळायला बसलो नाही. या कारभाराची दुसरी बाजूही बघितली पाहिजे. जून 2013 मध्ये आमुदा शहरात याच कुर्द फौजेनं कुर्द निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. विरोधी कुर्द पक्षांची माणसं आत टाकली, कचेऱ्या बंद केल्या. जुलै 2014 मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला, घरटी एक जण. तो गल्लीच्या बैठकीत ठरला नव्हता, वर ठरला. रुमैलानच्या तेलाचा पैसा, अमेरिकेशी बोलणी, कुठं लढायचं, हेही वरच ठरलं. आणि भाकरी-डिझेलची यादी कम्यूनच्या हाती असली की कम्यूनशी वाकडं घ्यायला माणूस कचरतो, हेही खरं. सप्टेंबर 2017 मध्ये सुमारे 3700 कम्यूनांत सहअध्यक्षांच्या निवडणुका झाल्या. वरच्या सभेची निवडणूक जानेवारी 2018 मध्ये व्हायची होती, ती झालीच नाही. खुर्च्या दोन झाल्या, बंदूक मात्र एकाच हातात राहिली.

जानेवारी 2018 मध्येच तुर्कस्ताननं आफ्रीनवर विमानं घातली. मार्चमध्ये आफ्रीन पडलं. लाखावर माणसं शाहबा भागाकडं पळाली. तिथल्या छावण्यांत त्यांनी परत कम्यून मांडले, तंबूतंबूचे. डिसेंबर 2024 मध्ये असदची सत्ता कोसळली, त्याच धामधुमीत ही माणसं तिथूनही उठवली गेली. 10 मार्च 2025 ला कुर्द सेनापती मजलूम अब्दी आणि दमास्कसचा नवा सत्ताधीश अहमद अश-शरा यांनी कागदावर सह्या केल्या, उत्तरेचा कारभार आणि फौज देशाच्या व्यवस्थेत घ्यायची म्हणून. त्यानंतरही बंदुका गप्प बसल्या नाहीत.

नकाशावरच्या रेघा वर ठरतात, त्या पुसल्याही जातात. म्हणून मी हा इतिहास नकाशावरून मोजत नाही. 1962 ला ज्या बाईचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं, तिची नात कम्यूनच्या खुर्चीत बसून नवऱ्यांचा निवाडा करत होती, हे घडलं. आणि त्याच नातीला, आपला भाऊ कुठल्या मोर्चावर जाणार, हे ठरवता येत नव्हतं, हेही घडलं. जिथं कुठं लोकांचं राज्य आलं म्हणून डंका पिटला जाईल, तिथं जाऊन या दोन गोष्टी विचारा. सगळ्यात खालची बाई कुठं बसते? आणि बंदूक कुणाचं ऐकते?