पेशींना चिकटलेले अदृश्य प्रतिपिंड : केंब्रिज, १९४५

१/ १९४० साली कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हीसस घटक जाहीर केला. पुढच्याच वर्षी फिलिप लेव्हिन यांनी नवजात बालकांच्या एका जीवघेण्या आजाराचे मूळ दाखवून दिले. आई आरएच निगेटिव्ह आणि गर्भ पॉझिटिव्ह असल्यास आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून गर्भात शिरून त्याच्या तांबड्या पेशींचा नाश करतात.

२/ पण एक कोडे उरले. आजारी बालकांच्या कित्येक मातांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सापडतच नसत. तेव्हाची परीक्षा साधी होती. सीरममध्ये तांबड्या पेशी मिसळायच्या; गुठळ्या झाल्या तर प्रतिपिंडे आहेत, न झाल्या तर नाहीत.

३/ १९४४ साली रॉबर्ट रेस आणि वीनर यांनी स्वतंत्रपणे दाखवले की, काही प्रतिपिंडे पेशींना चिकटतात, पण गुठळ्या करत नाहीत. रेस यांनी त्यांना ‘अपूर्ण’ म्हटले. पेशी ऋणभारामुळे एकमेकींपासून दूर राहतात आणि ही आखूड प्रतिपिंडे दोन पेशींमधले अंतर सांधू शकत नाहीत, हे पुढे उलगडले.

४/ मग जे दिसत नाही ते ओळखायचे कसे? हा प्रश्न रॉबिन कूम्ब्स या पशुवैद्यकाने हाती घेतला. त्यांच्याच आठवणीनुसार, युद्धकाळात लंडनहून केंब्रिजला परतताना, मंद उजेडाच्या आगगाडीत त्यांना उत्तर सुचले. प्रतिपिंड हे स्वतःच एक प्रथिन, ग्लोब्युलिन. तर मग त्याच्याच विरुद्ध प्रतिपिंड का वापरू नये?

५/ सशाला मानवी ग्लोब्युलिन टोचले की त्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. संशयित सीरममध्ये ठेवलेल्या पेशी मिठाच्या पाण्याने वारंवार धुवायच्या, म्हणजे सुटे ग्लोब्युलिन निघून जाते. मग सशाचे सीरम घालायचे. पेशींना अपूर्ण प्रतिपिंडे चिकटलेली असतील, तर ते त्यांना सांधते आणि गुठळ्या उमटतात.

६/ जुलै १९४५ मध्ये कूम्ब्स, आर्थर मोरंट आणि रेस यांनी ही चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. कूम्ब्स तेव्हा अवघे २४ वर्षांचे होते. १९४६ साली याच त्रयीने आजारी बालकांच्या पेशींवर चिकटलेली प्रतिपिंडे थेट दाखवली. त्याच वर्षी या चाचणीमुळे केल हा नवा रक्तगट हाती आला.

७/ मात्र हे तत्त्व इटालियन संशोधक कार्लो मोरेस्की यांनी १९०८ सालीच मांडले होते आणि ते विस्मृतीत गेले होते. कूम्ब्स यांनी हे श्रेय पुढे मोकळेपणाने मान्य केले. उत्तर ३७ वर्षे ग्रंथालयात पडून होते. त्याची निकड मात्र आरएचच्या शोधानंतरच भासली.

८/ आज आपल्याकडे आरएच निगेटिव्ह गर्भवतीला डॉक्टर ‘आयसीटी’ करून घ्यायला सांगतात. ती अप्रत्यक्ष कूम्ब्स चाचणीच. प्रतिपिंडे तयार झालेली नसतील, तर ॲन्टी-डीचे इंजेक्शन देऊन पुढचा धोका टाळता येतो. त्या अहवालातील ‘निगेटिव्ह’ या शब्दावर आज विसंबता येते, ते १९४५ च्या या कामामुळे.